कानबाईचा रोट आणि मित्राची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते, आणि ऑगस्टचा पहिला रविवार मैत्रीदिनाचा. २०२५ साली हे दोन्ही एकाच दिवशी, ३ ऑगस्टला आले. अशा दिवशी मोबाइलवर दोन तऱ्हेचे निरोप फिरतात. एक म्हणतो, रक्ताच्या नात्यापेक्षा मैत्री मोठी. दुसरा म्हणतो, शेवटी आपले ते आपले. दोन्ही लोक मनापासून लिहितात. पण दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलावर भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे, मित्र, भागीदार या सगळ्यांचे कागद येतात, आणि तिथे ही तुलना वेगळीच दिसते. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

कानबाईच्या रोटापासून, म्हणजे तिच्या नैवेद्यापासूनच सुरुवात करू. बहुतेक घरांत रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने मोजून घेतात आणि तो रोट भाऊबंदांतच खातात. पोरगा सुरतेला असो की पुण्याला, त्याच्या नावाची मूठ पडते. वर्षभर न बोललेल्या चुलतभावालाही त्या दिवशी निरोप द्यावा लागतो. मित्र त्याच घरात मांडव बांधतो, रात्रभर जागरणाला बसतो, सोमवारी कानबाई नदीवर पोचवायला सगळ्यांच्या पुढे असतो, पण रोटाचा तुकडा त्याच्या ताटात येत नाही. त्याचं त्याला वाईटही वाटत नाही. नात्याचं बळ कशात आहे ते मात्र इथे उघड दिसतं. दिवस ठरलेला, माप ठरलेलं, आणि आला नाही तर ‘का नाही आला’ म्हणून विचारणारी माणसं. मैत्रीला असा दिवसही नाही आणि मापही नाही; ती येण्याजाण्यावर चालते. भाऊबंदांत हक्क जन्मानेच मिळतो म्हणून कुणी काही बोलून ठरवत नाही. मित्रांत हक्क कुठलाच नसतो, म्हणून सगळं ठरवून घ्यायला हवं, पण संकोचापायी ते राहून जातं. दोन्हीकडे बिघडतं ते याच जागी, असं माझं ठाम मत आहे.

सामाईक विहिरीचं उदाहरण घ्या. बापाने खोदलेली विहीर, दोन भाऊ, एक मोटर, आणि पाण्याची पाळी आठवड्या-आठवड्याची. शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, थ्री फेज वीज दिवसातून साधारण आठ तास असते, आणि पुष्कळ फीडरवर ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी फिरते. आता आठवड्याची पाळी आणि आठवड्याने बदलणारी वीज एकमेकांवर बरोबर बसली की थोरल्याच्या वाट्याला कायम दिवसाची वीज येते आणि धाकट्याच्या वाट्याला कायम रात्रीची. पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी धरताना धाकट्याला वाटतं, दादाने डाव साधला. दादाच्या हे ध्यानीमनीही नसतं. दोन-तीन हंगाम असे गेले की बोलणं बंद, मग बांध कोरणं, मग मोजणीचा अर्ज.

पाळी सातऐवजी पाच दिवसांची केली की हे भांडण मुळातच उरत नाही. पाच-पाच दिवसांच्या पाळीत सत्तर दिवसांचा हिशेब मांडून पाहा. एका भावाला दिवसाची वीज अठरा दिवस मिळते, दुसऱ्याला सतरा. एवढी साधी गोष्ट, पण ती मांडायला दोघांनी एका खाटेवर बसून कॅलेंडर पुढे घ्यावं लागतं, आणि ‘घरचंच तर आहे’ म्हणून ते कुणी करत नाही. बांधाला बांध लागून शेत असलेले दोन मित्र भागीत बोअर घेतात तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी विचारतात, तुझे किती, माझे किती, मीटर कुणाच्या नावावर. परकेपणामुळे त्यांना विचारणं भाग पडतं, आणि त्या विचारण्यामुळेच ती भागी वर्षानुवर्षं चालते.

मित्रांची चूक पुढे होते. तोंडी ठरतं आणि तोंडीच राहतं. मोटर जळली की ‘तुझ्या पाळीत जळली, वाइंडिंगचे पैसे तू दे’ असा वाद निघतो. मोटर जळते ती बहुधा कमी दाबाने किंवा एक फेज गेल्याने. त्या वेळी पाळी कुणाची होती हा योगायोग असतो. म्हणून दुरुस्ती अर्धी-अर्धी, पाळी कुणाचीही असो, हे आधीच लिहून ठेवावं. याहून मोठी अडचण येते ती एकाने शेत विकल्यावर. पाण्याचा हक्क खरेदीखतात किंवा नोंदणी केलेल्या करारात लिहिलेला नसेल, तर नवा मालक तोंडी शब्द मानायला बांधील राहत नाही. जमिनीशी जोडलेला शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क साध्या स्टॅम्पवर लिहून पक्का होत नाही, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. साक्षीदारांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवलेला कागद पाहून लोक निर्धास्त असतात, आणि कोर्टात तो कागद लंगडा पडतो.

भाऊबंदांच्या वाटणीचंही तसंच आहे. ‘हे शेत तुझं, ते माझं’ असं तीस वर्षं कसतात, सातबाऱ्यावर नावं मात्र एकत्रच. मग त्या वाटणीचा धनी मरतो, पोरांची नावं लागतात, बहिणींची लागतात, आणि पाच जणांचं काम वीस जणांच्या सह्यांवर जातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. भाऊ जिवंत आहेत, बोलतात, एकमेकांच्या घरी जेवतात तेव्हाच ते करावं. एकाच्या नावाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे अशी ताब्याची अदलाबदल बारा वर्षांहून जुनी असेल तर राज्य सरकारच्या सलोखा योजनेत एक हजार मुद्रांक आणि एक हजार नोंदणी फी भरून ती नावं सरळ करता येतात.

आता रक्ताबद्दल, कारण रक्ताचं नातं हा शब्दच आपण फार वापरतो. दवाखान्यात माणूस पडला की भाऊ, मुलगा, मुलगी दंड वर करून उभे राहतात, ‘आमचंच रक्त द्या’. त्यांची माया खरी आहे. पण जवळच्या रक्तसंबंधितांचं रक्त थेट रुग्णाला देणं वैद्यकशास्त्र टाळायला सांगतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं समजून मारत नाही; त्या पेशी मात्र रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण वाचणं फार अवघड. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. नातेवाइकांनी रक्त जरूर द्यावं, पण ते पेढीच्या साठ्यात द्यावं आणि रुग्णाला दुसऱ्याची पिशवी घ्यावी. मित्राचं रक्त इथे जास्त निर्धोक ठरतं.

गावोगावी मित्रमंडळींचे रक्तदात्यांचे गट आहेत. चांगलं काम आहे, पण एक चूक जवळजवळ सगळे करतात. जयंतीला किंवा कुणाच्या वाढदिवसाला शिबिर ठेवतात आणि सगळा गट एकाच दिवशी रक्त देतो. पुरुषाला पुढचं रक्तदान नव्वद दिवसांनी करता येतं, बाईला एकशे वीस दिवसांनी. म्हणजे त्या दिवसापासून तीन महिने गट रिकामा. तांबड्या पेशी वेगळ्या केलेली पिशवी जास्तीत जास्त बेचाळीस दिवस टिकते आणि प्लेटलेट पाचच दिवस, तेव्हा साठवून ठेवू म्हणूनही चालत नाही. बारा पुरुषांचा गट असेल तर महिन्याला चौघांनी द्यावं. चौथ्या महिन्यात पहिले चौघे पुन्हा तयार होतात आणि दर महिन्याला कोणी ना कोणी हाताशी राहतो. वय अठरा ते पासष्ट, हिमोग्लोबिन निदान साडेबारा, वजन निदान पंचेचाळीस किलो; साडेचारशे मिलिलिटरची पिशवी द्यायची तर पंचावन्न किलो. नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत, त्यांतल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त लागतं. एकाच घरातले दोघे-तिघे आजारी किंवा वाहक असतात तिथे नातेवाइकांतून दाता काढायचा कुठून? तिथे असा फिरता गटच उपयोगी पडतो.

दवाखान्यातच मित्राची दुसरी अडचण होते, ती सहीची. धुळे-जळगाव महामार्गावर अपघात झाला की पहिला पोचतो तो बहुधा मित्र. खिडकीवर विचारतात, ‘नातं काय?’ आणि घाईत तो सांगतो, ‘भाऊ’. असं कधीही लिहू नये. पुढे विम्याच्या, पोलिसांच्या कागदांत आडनाव जुळत नाही आणि घरच्यांना महिनोन्महिने खुलासे देत बसावं लागतं. सरळ ‘मित्र’ लिहावं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या ऑपरेशनला संमती त्याची स्वतःचीच लागते, भाऊ असो की बायको, त्यांची सही त्या जागी चालत नाही. आणि रुग्ण बेशुद्ध असून जीव धोक्यात असेल तर नातेवाईक आला नाही म्हणून उपचार थांबवायचे नसतात. एक मात्र पाहावं. भरतीच्या अर्जावर सगळ्यात खाली ‘बिलाची जबाबदारी माझी’ असं वाक्य असतं. मित्र न वाचता सही करतो आणि ती जबाबदारी त्याच्यावर येते. ‘फक्त दाखल करणार’ असं स्वतःच्या हाताने लिहून सही केली तर कुणी हरकत घेत नाही, आणि घेतली तरी निदान आपण कशावर सही करतो आहोत ते तरी कळतं.

अवयवदानात कायद्याने रेघ फार कडक ओढली आहे. १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं आली. यांच्याबाहेरच्या माणसाने, मग तो जिवाभावाचा मित्र का असेना, मूत्रपिंड द्यायचं ठरवलं तर प्राधिकार समितीपुढे जाऊन हे जिव्हाळ्यापोटी आहे, पैशांपोटी नाही, असं सिद्ध करावं लागतं. इतकी वर्षं एकत्र काढल्याचे फोटो, पत्ते, दोघांच्या उत्पन्नाचे कागद मागतात. गरिबांच्या अवयवांचा बाजार होऊ नये म्हणून हे आहे आणि ते योग्यच आहे. ध्यानात ठेवायचं ते असं की सख्खा काका आणि चुलतभाऊसुद्धा इथे मित्राच्याच रांगेत उभे राहतात. भाऊबंद म्हणून आपण ज्यांना छातीठोक आपले म्हणतो ते कायद्याच्या लेखी प्रत्येक वेळी आपले नसतात.

करखात्यातही तसंच. सख्ख्या भावाने, मामाने, आत्याने, सासऱ्याने कितीही पैसे भेट दिले तरी घेणाऱ्यावर कर नाही. मित्राने किंवा चुलतभावाने वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त दिले तर वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर कर लागतो. ही मर्यादा एका माणसाची नाही. सगळ्या मित्रांनी मिळून वर्षात दिलेल्या पैशांची बेरीज धरतात. आजारपणात मित्रांनी वर्गणी काढून एकाच्या खात्यात लाख-दीड लाख भरले की हा प्रश्न येतो. दवाखान्याचं बिल मित्रांनी परस्पर दवाखान्यात भरलं तर हिशेब स्वच्छ राहतो. लग्नातला आहेर आणि मृत्युपत्राने मिळालेलं धन यांना कर नाही, मग देणारा कुणीही असो.

उसनवारी हा सगळ्यात दुखरा भाग. मित्राचे पैसे बुडतात ते लबाडीपेक्षा तारीख न ठरल्याने जास्त. ‘असतील तेव्हा दे’, ‘मी मागेन तेव्हा दे’ असं म्हणून पैसे दिले जातात आणि देणाऱ्याची समजूत असते की आपण मागू तेव्हापासून मुदत सुरू होईल. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात तसं नाही. मागेन तेव्हा परत, अशा पैशांची तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासूनच धावू लागतात. एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला पैसे दिले, मित्राची कपाशी लाल्या रोगाने गेली म्हणून पुढच्या आखाजीला मागितले नाहीत, त्याच्या पोरीचं लग्न म्हणून त्याच्या पुढच्याला नाही, आणि तिसरी आखाजी उलटली की कोर्टाचा दरवाजा बंद. मोठेपणाने गप्प बसलेला माणूस इथे अडकतो. त्याला उपाय आहे, आणि तो मैत्रीला धक्का न लावणारा आहे. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत घेणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात: अमुक तारखेला घेतलेल्या पैशांपैकी इतके आजअखेर देणं आहे; खाली सही आणि तारीख. त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. मुदत उलटल्यावर लिहून घेतलेल्या नुसत्या कबुलीने मुदत परत उघडत नाही. तेव्हा मग ‘ही रक्कम मी देईन’ असं स्पष्ट लेखी वचन लागतं.

रोखीचंही भान ठेवावं. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घ्यायची तर ती बँकेतून घ्यावी. रोख घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड बसू शकतो. यात भाऊ आणि मित्र असा फरक कायद्याने केलेला नाही. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं आणि कोणालाच कर लागत नसेल तर सूट आहे. तरीही बँकेतून दिलेले पैसे स्वतःच पुरावा ठरतात, म्हणून शेतकऱ्यानेही तोच रस्ता धरावा.

उसने पैसे बुडाले तर दिलेलेच बुडतात. जामीन राहिलात तर न पाहिलेले पैसेही भरावे लागतात, आणि खान्देशात सगळ्यात जास्त मैत्र्या पतसंस्थेच्या जामिनावर मोडल्या आहेत. ‘नुसती सही कर रे भो’ या पाच शब्दांत काय दडलंय ते नीट समजून घ्यावं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचं घर विका, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. संस्था सरळ जामीनदारावर येऊ शकते, आणि येते, कारण नोकरदार जामीनदाराच्या पगारातून कापणं कर्जदाराचं शेत विकण्यापेक्षा सोपं असतं. सही करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात: कर्जाची रक्कम आणि मुदत, कर्जदाराची इतर कर्जं, दुसरा जामीनदार कोण, आणि सही केलेल्या करारपत्राची प्रत. प्रत कुणी मागत नाही, आणि पुढे सगळं त्याच कागदावर चालतं. कर्जदार आणि संस्था यांनी जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो, असं कायदा म्हणतो. पण छापील अर्जात बहुधा ‘अटी बदलल्या तरी माझी जबाबदारी कायम’ असं वाक्य आधीच असतं. तेवढं शोधून वाचावं. आणि दर सहा महिन्यांनी मित्राकडून खातेउतारा मागावा. मागायला लाज वाटते खरी. पण थकलेले दोन हप्ते मित्र मिळून भरू शकतात, थकलेले वीस हप्ते आले की एकमेकांच्या दारावरून जाणंही बंद होतं. उतारा दाखवायला जो मित्र कुरकुर करतो त्याला जामीन राहू नये, हे मी जबाबदारीने लिहितो.

बायकांचे बचत गट पाहिले की हेच उलट बाजूने कळतं. दहा ते वीस जणी, नात्याच्या असतील नसतील, पण ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि सगळ्यांसमोर वही. जावा-जावांचं घरात पटत नाही आणि गटात मात्र वर्षानुवर्षं पटतं, कारण गटात महिन्याला एकदा तोंडावर विचारलं जातं.

आता माणूस गेल्यानंतरचं. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, पत्नी, आई. ते नसतील तर वडील, भाऊ, बहीण असा दुसरा वर्ग. मग बापाकडचे लांबचे भाऊबंद, मग आईकडचे. आणि कोणीच सापडलं नाही तर सरकार. या रांगेत मित्र कुठेच नाही. ज्याने दहा वर्षं डबा पोचवला, दवाखान्यात उशाशी बसला, त्याच्या आधी सरकारचा नंबर लागतो. एकट्या राहणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या माणसांनी हे ओळखून असावं.

पुष्कळ जण म्हणतात, मी बँकेत मित्राचं नाव नॉमिनी म्हणून दिलंय. तेवढ्याने भागत नाही. बँकेचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो आणि वारसांच्या वतीने सांभाळतो. पैशांचा मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांपैकी नॉमिनी असेल तर २०१५ च्या दुरुस्तीने तो पैशांचा धनी होतो. मित्र नॉमिनी असेल तर होत नाही. भविष्य निर्वाह निधीत कुटुंब असताना मित्राचं नाव घालताच येत नाही. लग्नाआधी घातलेलं असेल तर लग्न होताच ते रद्द होतं, आणि नवं नाव भरायचं राहून गेलं की बायकोला चकरा माराव्या लागतात. लग्नाच्या आठवड्यात हे एक काम करून टाकावं.

मित्राला काही द्यायचंच असेल तर मृत्युपत्र लिहावं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात. लिहिणाऱ्याने त्यांच्यासमोर सही करावी आणि त्यांनी त्याच्यासमोर. ज्याला द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडावेत, कारण दहा-वीस वर्षांनी कोर्टात उभं राहायला ते हयात असायला हवेत. समवयस्क मित्रांच्या सह्या घेतलेली कितीतरी मृत्युपत्रं याच कारणाने अडतात. वडिलोपार्जित जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. जिवंतपणी मित्राला घर किंवा शेत बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क पूर्ण. तेच राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, पत्नीला, नातवंडांना दिली तर शुल्क नाममात्र. आणि शेतजमीन घेणारा मित्र शेतकरी असावा लागतो, हे विसरू नये. मित्राला मालमत्ता देण्यापेक्षा त्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भावंडांच्या वादात न पडता हिशेब मांडू शकणारा, कोणाचाच वारस नसलेला माणूस तिथे हवा असतो, आणि तो मित्राइतका चांगला दुसरा कोणी नाही.

शेवटी आपल्या बाहेरगावच्या पोरांसाठी. सुरत, वापी, पुणे, नाशिकला खान्देशची किती मुलं एका खोलीत चौघं-चौघं राहतात. नंदुरबारहून, धरणगावहून आई-बाप पोचेपर्यंत रात्र जाते; तोवर घरचं माणूस म्हणजे रूम पार्टनरच. प्रत्येकाने पाकिटात घडी घालून एक कागद ठेवावा: रक्तगट, कायमची औषधं, कुठल्या औषधाचं वावडं, घरच्या दोघांचे नंबर, आयुष्मान कार्डाचा क्रमांक. मानसिक आजाराबाबत तर कायद्यानेच मित्राला जागा दिली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे कोणताही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो सज्ञान आणि ही जबाबदारी पेलण्याजोगा असावा आणि त्याने लेखी होकार द्यावा. असा नेमलेला मित्र असेल तर त्याचा मान नातेवाइकांच्या आधी लागतो. हा कागद लिहिलेली माणसं फार थोडी आहेत, कारण त्याची माहितीच पोचलेली नाही.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की आखाजीच्या आधीच्या रविवारी उसन्याच्या कबुलीचा, प्रतिनिधी नेमण्याचा आणि साध्या मृत्युपत्राचा नमुना अर्ध्या पानावर छापावा, कापून ठेवता येईल असा. आखाजीला सालदाराचं साल बदलतं, लेकी माहेरी येतात, सुरतेची पोरं गावी असतात. घरातली माणसं एकत्र असतात आणि साक्षीच्या दोन सह्यांना मित्रही ओट्यावरच बसलेले असतात.

आपला,
एक दस्तलेखक, अमळनेर तालुका, जि. जळगाव